एकाच विमानाचे तीन भाव: इंदूरहून तिकीट काढताना संकेतस्थळे आणि घड्याळे कशी पडताळावीत

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंचा मुलगा न्यू जर्सीत असतो आणि सुनेच्या बाळंतपणासाठी त्यांना तिकडे जायचे होते. मुलाने फोन करून सांगितले की त्याला तिकीट 1,180 डॉलरला दिसते आहे. त्याच तारखेचे, त्याच विमानाचे तिकीट मला इकडे 1,04,000 रुपयांना दिसत होते आणि काकूंच्या भाच्याने मोबाइलवर तिसऱ्याच ठिकाणी 98,900 रुपये काढून दाखवले. काकूंनी विचारले, "अरे, विमान तर एकच आहे ना? मग त्याचा खरा भाव कोणता?"

इंदूरमधल्या मराठी घरांतून मुले पुण्या-बंगळूरूला, तिथून पुढे अमेरिकेला, कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेली आणि त्यांच्या आई-वडिलांची तिकिटे काढण्याचे काम हळूहळू माझ्याकडे आले. हा माझा व्यवसाय नाही, पण अनेक वर्षे ही कामे करताना एक गोष्ट पक्की समजली आहे. निरनिराळ्या संकेतस्थळांवर दिसणाऱ्या भावांमधला बहुतेक फरक समजावून सांगता येतो. तो कोणाच्या नशिबाचा किंवा मध्यरात्री जागण्याचा भाग नसतो. दोन भाव वेगळे दिसले की त्यांच्यामागे बहुधा चारांपैकी एक कारण असते: आसनांचा निराळा गट, मध्यस्थाचे शुल्क, पैशांचे चलन किंवा घड्याळ. ही चार कारणे एकेक करून तपासता आली की कोणता भाव घ्यायचा हे आपल्याला स्वतःला ठरवता येते.

भाव मुळात ठरतो कसा

एका विमानात 180 आसने असली तरी त्यांचा भाव एक नसतो. विमान कंपनी एकाच इकॉनॉमी वर्गातील आसनांचे अनेक गट पाडते. प्रत्येक गटाला इंग्रजी वर्णमालेतील एक अक्षर असते, स्वतंत्र भाव असतो आणि स्वतंत्र अटीही असतात. स्वस्त गटातील आसने संपली किंवा कंपनीने तो गट बंद केला की पुढचा महाग गट दिसू लागतो. शेजारच्या आसनावरील प्रवाशाने आपल्याहून निम्म्या पैशांत तिकीट काढलेले असते, त्याचे मूळ इथे आहे.

ही पद्धत आजची नाही. ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतील केन लिटलवुड यांनी 1972 मध्ये एक नियम मांडला. स्वस्त भावात आसन आत्ता विकून मिळणारे पैसे, तेच आसन महाग भावाच्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवल्यास मिळू शकणाऱ्या अपेक्षित पैशांपेक्षा जास्त असतील तोपर्यंतच ते स्वस्तात विकावे, असा तो नियम होता. अमेरिकेत 1978 मध्ये विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठले आणि 1985 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मर्यादित आसने फार स्वस्त विकून बाकीची चढ्या भावाने राखण्याची योजना आणली, तेव्हापासून हा हिशेब साऱ्या जगात पसरला. भारतात एअर कॉर्पोरेशन्स कायदा 1994 मध्ये रद्द होऊन खासगी कंपन्यांना दार उघडले. करोनाच्या काळात, 25 मे 2020 पासून 31 ऑगस्ट 2022 पर्यंत, सरकारने देशांतर्गत भाड्यांना खालची आणि वरची मर्यादा घातली होती; एरवी भाडे ठरवण्याचे काम बहुधा कंपनीचेच असते.

हे ठरवलेले भाव जगभरच्या विक्रेत्यांपर्यंत पोचतात ते प्रामुख्याने अ‍ॅटपको नावाच्या संस्थेमार्फत. शेकडो विमान कंपन्या आपले भाव आणि त्यांच्या अटी तिथे नोंदवतात आणि दिवसातून अनेकदा बदलतात. तिथून ते अमाडेयस, सेबर, ट्रॅव्हलपोर्ट यांसारख्या आरक्षण-यंत्रणांत आणि पुढे एजंटांच्या पडद्यावर उतरतात. मात्र कोणत्या गटात किती आसने शिल्लक आहेत, ही माहिती खुद्द विमान कंपनीच्या संगणकात असते. भाव एका ठिकाणाहून येतो आणि आसनांची संख्या दुसऱ्या ठिकाणाहून, या दोहोंची गाठ प्रत्येक संकेतस्थळ आपापल्या वेळी घालते. त्यामुळे तुलना करणारी काही संकेतस्थळे थोड्या वेळापूर्वी साठवून ठेवलेला निकाल दाखवतात आणि पैसे भरायला गेल्यावर "भाव बदलला आहे" असा संदेश येतो. पुष्कळांना वाटते की आपण वारंवार शोधल्यामुळे संकेतस्थळाने आपल्याला ओळखून भाव चढवला. माझ्या अनुभवात असे एकदाही सिद्ध झालेले नाही. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून पाहायला हरकत नाही, पण तिथेही चढलेलाच भाव दिसला तर गट खरोखर संपला आहे असे समजावे आणि ब्राउझरशी झगडण्यात वेळ घालवू नये.

आधी प्रवासी मोजून पाहावेत

गटांचा हा हिशेब समजला की इंदूर-पुण्यासारख्या साध्या प्रवासातही पैसे वाचतात. गेल्या वर्षी एका कुटुंबातील पाच जणांना मुंजीसाठी पुण्याला जायचे होते. पाच प्रवासी टाकून शोधले तेव्हा प्रत्येकी 6,900 रुपये म्हणजे एकूण 34,500 रुपये दिसले. मी त्याच विमानासाठी एकच प्रवासी टाकून पाहिला तर 5,400 रुपये आले. दोन टाकले तरी 5,400, तीन टाकले तरी 5,400 आणि चार टाकताच भाव 6,900 वर गेला. स्वस्त गटात तीनच आसने उरली होती, आणि एकत्र मागणी केली की यंत्रणा सगळ्यांना पुरेल इतकी आसने ज्या गटात आहेत तोच भाव सर्वांना लावत होती. तिघांचे एक आणि दोघांचे दुसरे अशी दोन तिकिटे काढली, तेव्हा 16,200 आणि 13,800 मिळून 30,000 रुपये लागले. साडेचार हजार रुपये वाचायला पाच मिनिटे पुरली.

असे करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. लहान मूल नेहमी मोठ्या माणसाच्याच तिकिटात असावे. शिवाय दोन वेगळे पीएनआर म्हणजे कंपनीच्या लेखी दोन वेगळे प्रवास. विमान रद्द झाले तर दोन्ही पीएनआर घेऊन स्वतःच बोलावे लागते आणि दोघांना एकाच पर्यायी विमानात घालतीलच असे नाही. आजी-आजोबा एकमेकांवाचून प्रवास करू शकत नसतील तर त्यांचे तिकीट कधीही वेगळे करू नये, मग हजार रुपये जास्त गेले तरी चालतील.

तुलना कशाची कशाशी

तुलना करण्यापूर्वी हे ओळखावे की समोरचे संकेतस्थळ विकते आहे की फक्त दाखवते आहे. गूगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर आणि कायाक ही प्रामुख्याने भाव दाखवून विक्रेत्याकडे पाठवणारी ठिकाणे आहेत. मेकमायट्रिप, क्लिअरट्रिप यांसारखी ठिकाणे स्वतः तिकीट विकतात. आणि तिसरी असते विमान कंपनीची स्वतःची जागा, म्हणजे तिचे संकेतस्थळ. मालकीही ठाऊक असावी. मेकमायट्रिप आणि गोआयबिबो 2017 पासून एकाच समूहात आहेत, स्कायस्कॅनर हे ट्रिप डॉट कॉमच्या समूहाचे आहे, तर कायाक, अगोडा आणि प्राइसलाइन ही बुकिंग होल्डिंग्जची आहेत. तेव्हा चार ठिकाणी पाहिल्याचे समाधान करून घेताना आपण एकाच घराच्या दोन खिडक्यांतून डोकावलो नाही ना, हे पाहावे.

माझी पद्धत अशी आहे. तुलनेच्या संकेतस्थळावर आधी महिनाभराचे चित्र पाहून दोन-तीन तारखा आणि विमाने पक्की करावीत. मग विमान क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. त्यानंतर तोच क्रमांक विमान कंपनीच्या जागेवर आणि दोन विक्रेत्यांकडे, शक्यतो पंधरा मिनिटांच्या आत, पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत नेऊन पाहावा आणि शेवटची रक्कमच लिहावी. सकाळी एका ठिकाणी पाहिलेला भाव आणि रात्री दुसऱ्या ठिकाणी पाहिलेला भाव यांची तुलना करण्यात अर्थ नसतो, कारण मधल्या काळात आसने विकली गेलेली असतात.

शेवटच्या पानापर्यंत जाण्याचा आग्रह यासाठी की पहिल्या पानावरचा आकडा पुष्कळदा अपुरा असतो. तिकिटात मूळ भाडे, इंधन अधिभार, विमानतळाचे वापर शुल्क आणि इकॉनॉमीसाठी 5 टक्के जीएसटी असतो. त्यावर विक्रेता कन्व्हिनियन्स फी लावतो, ती बहुधा प्रत्येक प्रवाशामागे असते आणि तिकीट रद्द केल्यावर परत मिळत नाही. ही फी केवळ मध्यस्थच घेतात असेही नाही. अनेक विमान कंपन्या आपल्या स्वतःच्या जागेवरही ती आकारतात. काही ठिकाणी विमा, जेवण किंवा आसन-निवड यांपुढे आधीच खूण करून ठेवलेली आढळते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, ग्राहकाने न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत घालणे आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे, या दोन्ही प्रकारांना मनाई केलेली आहे. तरीही अशी प्रत्येक खूण स्वतः पाहून काढण्याची सवय ठेवावी.

बँकांच्या सवलतींचे गणित निराळे ठेवावे. "दहा टक्के सूट" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले तरी खाली कमाल मर्यादा, किमान खरेदी आणि ठरावीक वार दिलेला असतो. 5,400 रुपयांच्या तिकिटासाठी किमान 7,500 रुपयांच्या खरेदीची अट असेल तर ती सवलत आपल्यासाठी नाही. उलट 34,000 रुपयांच्या व्यवहारावर 1,500 रुपये प्रत्यक्ष कमी होत असतील तर ती मध्यस्थाची फी भरूनही परवडते. ज्येष्ठ नागरिकांची सवलतही अशीच तपासावी. ती अनेकदा ठरावीक भाड्यावरच मिळते आणि सर्वांसाठी खुला असलेला सर्वांत स्वस्त भाव कधी कधी त्याहूनही कमी असतो.

दोन विक्रेत्यांत तीन-चारशे रुपयांचाच फरक असेल तर मी डोळे मिटून विमान कंपनीकडूनच तिकीट घेतो. विमानाची वेळ बदलली, नावातील चूक दुरुस्त करायची असली किंवा परतावा हवा असला की मध्ये एक दार कमी असते. मध्यस्थाकडून घेतलेल्या तिकिटासाठी विमान कंपनी मध्यस्थाकडे बोट दाखवते आणि मध्यस्थ विमान कंपनीकडे, हे मी आजारी प्रवाशाच्या नातेवाइकांसोबत बसून दोनदा अनुभवले आहे.

रुपये, डॉलर आणि विक्रीचा देश

आता काकूंच्या तिकिटाकडे येऊ. आंतरराष्ट्रीय भाड्याचा मूळ नियम असा की ते प्रवास ज्या देशात सुरू होतो त्या देशाच्या हिशेबाने ठरते. इंदूरहून नेवार्कला, म्हणजे न्यू जर्सीच्या विमानतळावर, जाऊन परत येण्याचे भाडे भारतात सुरू होणारे, म्हणून ते रुपयांत नोंदवलेले असते. नेवार्कहून इंदूरला येऊन परत जाण्याचे भाडे अमेरिकेत सुरू होणारे, ते डॉलरमध्ये नोंदवलेले असते. विमाने तीच असली तरी ही दोन निरनिराळी भाडी आहेत. त्यांचे हंगामही वेगळे असतात; आपल्याकडून उन्हाळी सुट्टीत बाहेर जाणाऱ्यांची गर्दी होते, तर तिकडून नाताळच्या सुमारास इकडे येणाऱ्यांची. मुलाने चुकून उलट्या दिशेचे तिकीट शोधले असेल तर त्याचा आकडा आपल्या उपयोगाचा नसतो. उलट्या दिशेचे स्वस्त तिकीट घेऊन पहिला टप्पा सोडून द्यावा, ही युक्तीही करू नये. पहिला टप्पा वापरला नाही की कंपनी पुढचे सारे टप्पे रद्द करते.

काकूंच्या मुलाने दिशा बरोबर टाकली होती. फरक विक्रीच्या देशाचा होता. कंपनीच्या अमेरिकी पानावर रुपयांतील भाडे डॉलरमध्ये बदलून दाखवले जात होते आणि तिथे इकडच्यासारखी जादा फी नव्हती. त्या दिवशी डॉलर 85 रुपये धरला तर 1,180 डॉलरचे 1,00,300 रुपये होतात, म्हणजे 3,700 रुपयांचा फायदा दिसतो. काकूंनी तेच तिकीट आपल्या इथल्या कार्डाने काढले असते तर काय झाले असते, ते पाहावे. परदेशी चलनातील व्यवहारावर भारतीय बँका बहुधा 2 ते 3.5 टक्के अधिभार लावतात आणि त्या अधिभारावर 18 टक्के जीएसटी असतो. 3.5 टक्के धरले तर 3,510 रुपये अधिभार, त्यावर 632 रुपये कर आणि एकूण 1,04,442 रुपये. स्वस्त दिसणारे तिकीट इकडच्या 1,04,000 रुपयांहून 442 रुपयांनी महाग पडले असते. तेच तिकीट मुलाने आपल्या अमेरिकी कार्डाने घेतले तर मात्र फायदा खरा होता. तो घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे तिकीट रद्द झाल्यास परतावा मुलाच्याच कार्डावर जाणार होता. दुसरे म्हणजे दुसऱ्याच्या कार्डाने घेतलेल्या तिकिटावर काही कंपन्या विमानतळावर कार्डधारकाचे संमतीपत्र मागतात, म्हणून ते आधीच मागवून छापून ठेवले.

परदेशी पानावर भारतीय कार्ड टाकताना "रुपयांत पैसे भरा" असा पर्याय मधेच येतो. रुपये पाहून आपल्याला बरे वाटते, पण तो विनिमय दर विक्रेत्याच्या बाजूने ठरवलेला असतो आणि पुष्कळदा आपल्या बँकेच्या दराहून महाग पडतो. वर काही बँका त्यावरही अधिभार लावतात. अशा वेळी स्थानिक चलनातच पैसे भरावेत. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का हेही आधी पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2020 पासून नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिली जातात आणि बाकीची सोय ग्राहकाने स्वतः चालू करायची असते. हे लक्षात न आल्याने पैसे भरण्याच्या क्षणी कार्ड नाकारले जाते आणि चांगला भाव हातचा जातो.

व्हीपीएन लावून दुसऱ्या देशातून पाहत असल्याचे भासवण्याचा सल्ला तरुण मुले देतात. काही कंपन्या ठरावीक देशांतील विक्रीसाठी वेगळे भाडे ठेवतात हे खरे आहे, परंतु ते पाहायला व्हीपीएनची गरज सहसा पडत नाही, कारण कंपनीच्याच जागेवर देश बदलण्याची सोय असते. तसे दोन-तीन देश बदलून पाहावेत, अधिभाराचा हिशेब करावा आणि तरीही दोन टक्क्यांहून अधिक फायदा उरत असेल तरच पुढे जावे.

कोणाचे घड्याळ धरायचे

घड्याळांचा घोळ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण यात पैसे तर जातातच, प्रवासही बुडतो.

तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. न्यूयॉर्क आणि नेवार्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतात. हा बदल तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. लंडन उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते, आणि तिथला बदल मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. दुबई वर्षभर दीड तास मागे असते आणि सिंगापूर अडीच तास पुढे. तिकिटावरील वेळांची वजाबाकी करून प्रवास किती तासांचा हे काढू नये. संकेतस्थळ एकूण कालावधी वेगळा देते, तोच पाहावा.

परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. 14 तारखेचे रात्री 12:40 चे विमान म्हणजे 13 तारखेच्या जेवणानंतरचे विमान. आमच्या ओळखीचे एक काका-काकू 14 तारखेच्या संध्याकाळी सामान घेऊन मुंबईला उतरले, तेव्हा त्यांचे विमान सुटून जवळजवळ वीस तास झाले होते. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या तिकिटावर निळ्या शाईने "विमान 13 च्या रात्रीचे" असे शब्दांत लिहून देतो. इंदूर-मुंबई विमानाची तारीख निवडतानाही हीच चूक होते, म्हणून आधी मुंबईचे विमान पक्के करून मग मागे येत इंदूरची वेळ ठरवावी.

भावाशी घड्याळाचा संबंध तीन ठिकाणी येतो. पहिले म्हणजे आगाऊ खरेदीची अट. "प्रवासाच्या 14 दिवस आधी" किंवा "21 दिवस आधी" अशा अटी काही भाड्यांना असतात आणि ती मुदत ओलांडली की भाव पायरीने चढतो. विमान 30 तारखेला असेल तर 16 तारखेची वाट पाहत बसू नये, 14 तारखेलाच काम उरकावे.

दुसरे म्हणजे सवलत-योजनेची अखेर. "आज मध्यरात्रीपर्यंत" असे लिहिलेले असते, पण मध्यरात्र कोणाची हे बारीक अक्षरांत असते. आपल्यापेक्षा अडीच तास पुढे घड्याळ असलेल्या देशातील एका कंपनीची अशी सवलत मी मावशी आणि काकांसाठी घेणार होतो. पारपत्रांचे तपशील भरून ठेवले होते, निवांत जेवून रात्री दहाला बसलो, तेव्हा तो भाव नव्हता. त्यांची मध्यरात्र आपल्या साडेनऊला होऊन गेली होती. प्रत्येक तिकिटामागे 2,800 रुपये, दोघांचे 5,600 रुपये माझ्या दिरंगाईने गेले. पूर्वेकडच्या देशांतील योजना आपल्या संध्याकाळीच संपतात, हे तेव्हापासून विसरलो नाही. पश्चिमेकडच्या देशांबाबत उलट घडते. दुबईची मध्यरात्र आपल्याकडे दीडला आणि न्यूयॉर्कची दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ किंवा साडेदहाला होते.

तिसरे म्हणजे तिकीट रद्द करण्याची मुदत. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांसाठी तिथल्या सरकारचा नियम आहे की विमान सात दिवस किंवा त्याहून पुढे असेल तर कंपनीने 24 तास तिकीट दंडाविना रद्द करू द्यावे, किंवा पैसे न घेता तोच भाव 24 तास धरून ठेवावा. भारतातही विमान-नियामकाच्या नियमांत अशी मुदत आहे आणि विमान अगदी जवळ आले असेल तर ती लागू होत नाही. ही सोय वापरायची असेल तर पैसे भरल्याचा ईमेल आला तो क्षण धरावा, कॅलेंडरचा दिवस नव्हे, आणि मोबाइलवर बावीस तासांचा गजर लावावा. या मुदतीत भाव खाली आला तर जुने तिकीट रद्द करून नवे घेता येते, परंतु मध्यस्थाकडून घेतलेल्या तिकिटावर त्याची स्वतःची फी परत मिळेलच असे नाही.

मंगळवारी किंवा पहाटे तीनला तिकीट स्वस्त मिळते, हा समज जुना आहे. भाव दिवसातून मोजक्या वेळी नोंदवले जात तेव्हा त्यात काही अर्थ असावा. आता दिवसभर बदल चालू असतात. एजंटांनी धरून ठेवलेली आसने मुदत संपून सुटतात आणि स्वस्त गट क्षणभर पुन्हा उघडतो, असे मात्र घडते, म्हणून भावाची सूचना देणारी सोय चालू करून ठेवावी आणि आपल्याला परवडणारी कमाल रक्कम आधीच लिहून ठेवावी. तो आकडा दिसला की तिकीट घ्यावे आणि नंतर त्या पानाकडे फिरकू नये. दिवाळी आणि गणपतीच्या दिवसांत पुण्याच्या विमानासाठी तर थांबण्याचा प्रयोग करूच नये.

तुकड्यांचे तिकीट आणि भाच्याचे 98,900

भाच्याने दाखवलेला भाव खोटा नव्हता, पण ती दोन तिकिटे होती: इंदूर ते मुंबई एक आणि मुंबई ते नेवार्क दुसरे. एका तिकिटावर जोडलेला प्रवास असेल तर सामान इंदूरलाच पुढपर्यंत नोंदवले जाते आणि पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले तर पुढची व्यवस्था कंपनी करते. दोन तिकिटे असली की मुंबईत सामान उचलून पुन्हा नोंदवावे लागते, टर्मिनल एक आणि दोन यांच्यात रस्त्याने फिरावे लागू शकते आणि विमान चुकल्यास सारा खर्च आपला. शिवाय अमेरिकेच्या तिकिटावर काकूंना 23 किलोच्या दोन बॅगा म्हणजे 46 किलो सामान नेता येत होते, तर वेगळ्या देशांतर्गत तिकिटावर 15 किलो. बाळंतविडा, डिंकाचे लाडू, मेतकूट आणि दुपटी मिळून बॅगा पूर्ण भरल्या होत्या. उरलेल्या 31 किलोंचे किलोमागे काही शे रुपये भरले असते तर 5,100 रुपयांची सारी बचत इंदूरच्या काउंटरवरच संपली असती. जे तरुण हातसामानावर प्रवास करतात आणि मुंबईत एक रात्र नातेवाइकांकडे काढू शकतात, त्यांनी तुकड्यांचे तिकीट खुशाल घ्यावे. साठी ओलांडलेल्या, एकट्या जाणाऱ्या माणसासाठी ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंदूरऐवजी भोपाळ, अहमदाबाद किंवा थेट मुंबईहून तिकीट पाहताना हाच हिशेब लावावा. तिथपर्यंतचे टॅक्सीचे किंवा रात्रीच्या बसचे भाडे, जेवण आणि परतीचाही तोच खर्च धरल्यावर चौघांच्या कुटुंबाला फायदा उरतो, एकट्याला क्वचितच.

पैसे भरल्यानंतर

पैसे कापले गेले म्हणजे तिकीट निघाले असे नाही. विक्रेत्याच्या ईमेलमधील सहा अक्षरांचा पीएनआर विमान कंपनीच्या जागेवर टाकून पाहावा. मध्यस्थाचा स्वतःचा बुकिंग क्रमांक वेगळा असतो आणि तो तिथे चालत नाही. आंतरराष्ट्रीय तिकिटावर बहुधा 13 अंकी तिकीट क्रमांक असतो, ज्याचे पहिले तीन अंक कंपनीची ओळख सांगतात. एअर इंडियाचे 098 आहेत. पीएनआर आहे पण हा क्रमांक नाही, याचा अर्थ बहुधा आसन केवळ धरून ठेवलेले आहे आणि तिकीट निघायचे आहे, अशा वेळी त्याच दिवशी फोन करावा. नाव पारपत्राप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहावे, विशेषतः आपल्याकडे मधले नाव वडिलांचे की पतीचे यावरून घोळ होतो.

परतावा न मिळणारे तिकीट रद्द करावे लागले तरी वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्के परत मिळतात. ती मागावी लागतात, आणि लोक ती मागत नाहीत.

काकूंचे तिकीट शेवटी मुलाने तिकडून 1,180 डॉलरला काढले, इंदूर ते नेवार्क एकाच पीएनआरवर. ईमेल आला तेव्हा आपल्याकडे सकाळचे सात वाजले होते आणि तिकिटावर तारीख मात्र आदल्या दिवसाची होती. काकूंनी ती चूक म्हणून मला दाखवली. मी त्यांना न्यू जर्सीचे घड्याळ दाखवले आणि तिकिटावर निळ्या शाईने निघण्याची रात्र लिहून दिली.